येळवस कोणत्या दिवशी

मार्गशीर्ष लागला की सोलापूरच्या बाजारात हिरवा रंग वाढतो. भवानी पेठेतून कामाला निघाले की कोपऱ्याकोपऱ्यावर तुरीच्या शेंगांचे ढीग दिसायला लागतात. वाटाणा, घेवडा, पातीचा कांदा, हरभऱ्याचे ढाळे. बायका वाकून शेंगा निवडत असतात आणि त्यांच्या बोलण्यातली मराठी, तेलुगू, कानडी, दखनी सगळी एकाच पिशवीत पडत असते. सकाळच्या गारठ्यात त्या ओल्या शेंगांचा वास नाकात गेला की माझं कामावरचं लक्ष उडतं. गाडी अक्कलकोट रोडनं एमआयडीसीकडे वळते, पण मी आतल्या आत तोच रस्ता सरळ धरून पुढं, आमच्या रानापर्यंत जाऊन पोचलेली असते.

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला वेळ अमावस्या म्हणतात, आणि बोलताना येळवस. त्या दिवशी गावात कुणी सापडायचं नाही. सगळं गाव रानात. कडब्याच्या पाच पेंढ्यांची खोप करायची, तिच्यावर नवं लुगडं पांघरायचं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. दुपारी पूजा, आणि मग जेवण. सगळ्या हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, ओवा-लसणाचा वास असलेली आंबील ज्यानं प्यायली नाही त्याला ती सांगून कळत नाही, म्हणून मी सांगायच्या फंदात पडत नाही. बांधावरून जाणारा कुणीही असो, ओळखीचा असो-नसो, त्याला हाका मारून बसवायचं. उपाशी पुढं जाऊ द्यायचं नाही.

या वर्षीही बाजार हिरवा झाला, आणि परवा चहा पिता पिता मी इंटरनेटवरचं एक जुनं पान उघडलं. त्यावर माझं नाव आहे, काही ओळी कोड आहे आणि खाली दोन माणसांचा पत्रव्यवहार आहे. कुणालाही उघडून वाचता येतो. वाचणाऱ्याला वाटेल, दोघं एका तारखेवरून किती घोळ घालताहेत. मला मात्र ते पान उघडलं की ज्वारी दिसते, पोटरीत आलेली, कणीस अजून पानांत दडलेलं.

ते पान झालं त्या साली दसऱ्याला आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता म्हणाले, "औंदाची येळवस माज्या हातची शेवटची." आईनं भाकरी थापायची थांबवली. आप्पांचे गुडघे गेले होते. खाली बसले की उठायला दोन माणसं लागायची. पुढच्या सालापासून रान शेजारच्या मल्लप्पांना वाट्यानं द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, जणू उद्या पाऊस नाही एवढंच सांगताहेत. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तुजा दादा आला तर बरं हुईल."

दादा पुण्यात एका कंपनीत आहे. पाच वर्षं तो येळवशीला आला नव्हता. शेवटचा आला तेव्हा बांधावर उभं राहून आप्पांना सांगत होता की इथं ठिबक करा, तिथं शेततळं घ्या. पंगतीत चार पाहुणे बसलेले. आप्पा म्हणाले, "तू आता पाव्हणा हायस. पाव्हण्यानं जेवावं आन जावं." सगळे हसले, दादाही हसला, जेवला, आणि गेला तो गेलाच. दिवाळीला यायचा, दोन दिवस घरात बसायचा, पण रानात पाऊल टाकायचा नाही. दोघंही एका मापाचे हट्टी. मी कुणाची बाजू घ्यावी तर दुसरा आठ दिवस माझ्याशीही बोलत नसे.

मी त्याला फोन केला. म्हटलं, आप्पांची शेवटची येळवस आहे, ये. तो म्हणाला, "अगं, साध्या रजा संपल्या. ऐच्छिक सुट्टी उरलीय एक, पण ती पोर्टलवर यादीतल्याच सणाला घेता येते. यादीत येळवस नाहीच. मी तरी काय करू?" मला असा राग आला म्हणता. बापाला भेटायला यादी लागते होय रे तुला? पण बोलले नाही. नुसतं विचारलं, ती यादी करतं कोण?

त्याला ठाऊक नव्हतं. मी शोधून काढलं. मी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात संगणक सांभाळते. ऑर्डरी, माल, हजेरी, सगळं. एवढं मला येतं. दादाच्या कंपनीचं कॅलेंडर सणांच्या तारखा एका खुल्या प्रोग्रॅमकडून घेत होतं. खुला म्हणजे त्याचा कोड सगळ्या जगासमोर ठेवलेला, कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. तिथले जुने लोक ती तपासतात आणि पटली तर मूळ कोडात घालतात. जगभरचे सण त्यात होते. ज्या देशांची नावं मला नकाशावर दाखवता येणार नाहीत तिथलेही होते. येळवस नव्हती. म्हटलं, नाही ना, मग घालू या. दादाकडं निमित्तच उरू द्यायचं नाही.

असा माझा या कामात प्रवेश झाला, चांगल्या हेतूनं वगैरे काही नाही, भावाची खोड मोडायला.

दुपारच्या सुट्टीत मी कारखान्याच्या मागच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायची. भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट. सुताची बारीक पांढरी लव हवेत तरंगत असायची, उन्हात चमकायची, कळफलकावर येऊन बसायची. फुंकर मारायची आणि एक ओळ लिहायची. आता आठवलं तर वाटतं, ते अख्खे दोन महिने मी त्या लवेतच काढले. मनात एकीकडं चंद्र-सूर्याची गणितं आणि एकीकडं आमचं रान, करडईचे काटे, विहिरीच्या कडेची बोर, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पुढं चाललेली आई. कोडात ‘अमावस्या’ असं लिहिलं की मला काळोख दिसायचा नाही, भर दुपारचं ऊन दिसायचं. आमच्याकडं ही अमावस्या उन्हाचीच असते.

पहिलाच बदल पाठवला, त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात, आणि तपासणीला उत्तरेकडचे एक गृहस्थ आले. नाव त्यांनी लावलं नव्हतं, चित्र होतं पिंपळाच्या पानाचं. मी त्यांना मनात पिंपळपानच म्हणायची. इंग्रजी लिहायचे, पण इतकं हळुवार की वाचताना कुणी पाटावर बसवून बोलतंय असं वाटावं. त्यांनी लिहिलं, ‘आपण मार्गशीर्ष म्हणता, ही अमावस्या तर पौषातली आहे.’ मी चिडले. आमचा सण आम्हाला शिकवतात. मग ध्यानात आलं, त्यांच्याकडं महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावस्येला. चंद्र तोच, अंधार तोच, नुसती महिन्याची नावं वेगळी. मी तसं लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, ‘बरोबर. माझ्या गावाबाहेरही महिने असतात हे मी विसरलो होतो.’ एवढ्या एका वाक्यावर माझा राग विरघळला. दिवसभर मी कारखान्यात उगाच सगळ्यांशी गोड बोलत होते.

मग त्यांनी पुरावा मागितला. सण आहे, अमुक भागात पाळतात, कशावरून? रविवारी गावी गेले तेव्हा आप्पांना सांगितलं. आप्पा बाजेवर पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "पुरावा कसला? ज्वारी पोटरीत आली का बघ म्हनावं. आली की येळवस आली." मी म्हटलं, आप्पा, त्यांच्या घराजवळ ज्वारी नाही. "मग त्यांना येळवस कशाला पायजे?" शेवटी स्थानिक सुट्टीचं एक जुनं सरकारी पत्रक सापडलं आणि भागलं.

पुढचं काम टेस्टचं. टेस्ट म्हणजे आपल्याला आधीच ठाऊक असलेली उत्तरं. प्रोग्रॅमला विचारायचं, अमुक साली येळवस कधी होती? त्याचं उत्तर आपल्याशी जुळलं की हिरवी खूण. पिंपळपानांनी मागच्या दहा वर्षांच्या तारखा मागितल्या, लोकांनी खरोखर पाळलेल्या. मी आईला विचारलं. आई अंगणात शेंगा सोलत होती. तिनं एक शेंग, एक साल असं सांगायला सुरुवात केली. "तू नोकरीला लागलीस त्या साली रविवार हुता. तुजे मामा आलते. त्याच्या फुडच्या साली गुरवार. त्याच्या फुडं सोमवार, बाजार भरला न्हाय बग त्या दिशी." आमच्या गावचा बाजार सोमवारचा. मी भराभरा लिहून घेतलं. कोवळं ऊन तिच्या हातावर, सालींचा ढीग वाढत चाललेला. इतकं निवांत मी आईजवळ किती वर्षांनी बसले होते कुणास ठाऊक.

सोलापूरला येऊन जुळवलं तर दहापैकी आठ तारखा बरोबर. दोन चुकत होत्या. आईची प्रत्येक वेळी एक दिवस आधी. ती म्हणत होती सोमवार, प्रोग्रॅम म्हणत होता मंगळवार. मी काय केलं? हसले. म्हटलं, विसरली बिचारी, वय झालं. तिच्या दोन तारखा खोडल्या आणि प्रोग्रॅमनं दिलेल्या तारखाच उत्तरं म्हणून लिहून टाकल्या. मग काय, सगळ्या खुणा हिरव्यागार. ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच उत्तरपत्रिका तपासायला दिली मी, आणि वर खूश झाले. बाजार भरला नाही एवढं स्वच्छ सांगणारी बाई विसरेल कशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कार्तिक संपता संपता बदल मंजूर झाला. मूळ कोडात आमची येळवस गेली. दहा-बारा दिवसांत ती दादाच्या कंपनीच्या यादीत उमटली. त्यानं मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘तू लई पोचलेली आहेस.’ आणि त्यानं सुट्टी टाकली. मी आप्पांना सांगितलं. आई सांगत होती की दुसऱ्या दिवशी काठी टेकत टेकत ते चुना आणायला गेले.

आता या वर्षी आप्पा इथं माझ्याकडं आहेत. भवानी पेठेतल्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. समोरच्या घरातून मागाचा आवाज येतो, खाली भाजीवाली ओरडते. त्यांना ढाळ्यांचा वास येतो का, मी विचारलं नाही. काल म्हणाले, "मल्लप्पाच्या ज्वारीला औंदा ताट बारीक हाय म्हनं." आमच्या रानाला ते आता मल्लप्पाची ज्वारी म्हणतात. मला ते ऐकवत नाही. त्यांना म्हणवतं.

तर त्या साली. येळवस यादीप्रमाणं गुरुवारी होती. मंगळवारी संध्याकाळी आईचा फोन. "उद्या येताना वाटाना आन, इसरू नगो." मी म्हटलं, उद्या कशाला, परवा ना? "परवा? अगं उद्या येळवस. परवा काय करायचं रानात?" मी हातातलं काम टाकून पंचांग उघडलं. अमावस्या बुधवारी सकाळी सूर्योदयानंतर थोड्या वेळानं लागत होती, आणि गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी संपत होती. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा सरसकट नियम मी कोडात धरला होता. त्यानं गुरुवार दिला. पण गावानं कधी सूर्योदय बघितला होता? गाव दुपारी पूजा करतं, दुपारी जेवतं. उन्हं डोक्यावर असताना जी अमावस्या, ती येळवस. बुधवार. आणि आईचे ते दोन सोमवार-बिमवार अगदी बरोबर होते. मी तिथंच खुर्चीत बसून राहिले.

दादाला फोन केला. बुधवारी त्याची महत्त्वाची मीटिंग होती, सुट्टी गुरुवारची मंजूर झालेली. मी म्हटलं, चूक माझी आहे, सगळी माझी. तो म्हणाला, "म्हणजे मी पोचेन तेव्हा सगळं आटोपलेलं असेल. पाहुणाच झालो की मग." आणि फोन ठेवला. मला रडू आवरलं नाही.

बुधवारी रानात सगळं होतं. ऊन, वारा, खोप, लुगड्याचा पदर हलतोय, भज्जीचा वास लांबवर गेलेला. चुन्यानं रंगवलेले पाच दगड ओळीत. मी एका बाजूला जाऊन आप्पांना सांगितलं. माझी चूक कशी झाली तेही सांगितलं, सूर्योदय, दुपार, सगळं. त्यांनी शांतपणानं ऐकलं. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी विचारलं, "अमावस्या संपती कदी?"

"उद्या सकाळी. आठ-दहाला."

"मग उद्या आटपातुर येळवस हायच की."

जेवणं झाल्यावर चर शिंपायची वेळ आली. तांब्यात आंबील आणि भज्जी घेऊन, तुरीच्या डहाळीनं ती पिकावर शिंपत रानाला फेरा घालायचा. पुढं असतो तो रानाचा मालक, मागं चालणारा आरोळी देतो. आप्पा माझ्या खांद्याचा आधार घेत निघाले. पश्चिम, दक्षिण, विहिरीची बाजू. पूर्वेच्या तुकड्यापाशी आले आणि थांबले. तांब्यात आंबील शिल्लक होती. "ह्ये ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि वळले. लोकांना वाटलं, म्हातारा थकला.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. म्हटलं, आप्पांनी पूर्वेचा तुकडा शिंपला नाही, तुझ्यासाठी ठेवलाय. आठ-दहापर्यंत अमावस्या आहे. पलीकडून नुसतं "हं" आलं.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं पुन्हा रानात. खोप तशीच उभी. ज्वारीच्या पानांवर दव, आणि त्यावरून येणारं पहिलं ऊन इतकं मऊ होतं की बोलू नये असं वाटत होतं. आईनं शाल पांघरून मडकं मांडीशी धरलेलं. आप्पा बांधावर दगडावर बसून रस्त्याकडं बघत होते. आठ वाजले. आठ-दहा झाले. मी फोनकडं बघितलं आणि उलटा करून ठेवला. चिमण्या येऊन खोपीवरचे दाणे टिपत होत्या. आठ-चाळीसला वाटेवर धूळ उठली. मित्राची गाडी मागून आणलेली. दादा उतरला, ऑफिसच्या बुटांत, ढेकळांतून अडखळत. जवळ येऊन म्हणाला, "मोहोळच्या पुढं ट्रक आडवा होता. संपली का?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "संपली का गं?"

मी म्हटलं, "नाही आप्पा. आहे अजून."

आप्पांनी वर सूर्याकडं बघितलं. जन्मभर ज्यांनी सावलीवर वेळ सांगितली, त्यांना काय कळायचं राहणार होतं? म्हणाले, "मला बी तसंच वाटतंय." मग तांब्या दादापुढं धरला. "बूट काड. फुडं हो. मी म्हागनं येतो, गुडगं धरल्यात."

दादा पुढं झाला. अनवाणी, पँट वर दुमडून, डहाळीनं आंबील शिंपत. आप्पा मागून, माझ्या आणि आईच्या आधारानं. त्यांनी आरोळी दिली, ती कानडी-मराठी मिसळलेली जुनी आरोळी, आणि तिला ओढ्यापलीकडून कुणीतरी हसत प्रत्युत्तर दिलं, काय हो, कालची येळवस अजून सरली न्हाय का? आप्पांनी ओरडून सांगितलं, "न्हाय." दादाचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता ते मला मागून कळलं नाही, आणि नंतर मी विचारलं नाही.

सोमवारी कारखान्याच्या ओट्यावर बसून मी दुरुस्ती पाठवली. सूर्योदयाऐवजी मध्यान्ह. आईच्या दोन्ही तारखा जिथल्या तिथं ठेवल्या, आणि चूक कशी झाली तेही लिहिलं, आईला खोडलं हेही. पिंपळपानांनी दुसऱ्याच दिवशी तपासलं. लिहिलं, ‘आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार. आता नियम पक्का वाटतो. मंजूर करण्याआधी एकच विचारतो, याला काही अपवाद आहे का?’

मी लिहिलं, ‘एक आहे. मुलगा वाटेत असेल तर.’

ते वाक्य मी बराच वेळ बघत बसले. भिंतीपलीकडं माग चालू होते. मग ते पुसलं, ‘अपवाद नाही’ असं लिहिलं, आणि पाठवून दिलं.